मशीन खोक्यात, बिल पास, औषध निर्माण अधिकारी निलंबित: मग जबाबदार कोण?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर असलेल्या एका भाऊंचा प्रश्न आहे. त्यांच्या रुग्णालयासाठी जिल्हा नियोजनच्या निधीतून रक्त तपासणीचं ॲनालायझर आलं. दोन वर्षं झाली, ते खोक्यातच आहे. बिल मात्र पूर्ण निघालं. औषधांची स्थानिक खरेदी होते तीही नेहमी एकाच दुकानातून. पेपरात बातमी आली तेव्हा औषध निर्माण अधिकाऱ्याला निलंबित केलं, बाकी सगळे जागच्या जागी. "खरा जबाबदार कोण, आणि आमच्यासारखी गावची माणसं त्याच्यापर्यंत पोचू शकतात का?" असं त्यांनी विचारलं आहे.

माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. निवृत्तीनंतर विभागीय चौकश्यांमध्ये चौकशी अधिकारी म्हणून काम करतो आणि त्यात आरोग्य खात्याची प्रकरणं भरपूर असतात. त्यामुळे पोचता येतं हे सांगतो, पण ज्या वाटेनं बहुतेक तक्रारी जातात त्या वाटेनं नाही.

आधी निलंबनाचं बघू. निलंबन ही शिक्षा नाही. चौकशीत अडथळा येऊ नये म्हणून माणसाला खुर्चीवरून बाजूला करतात, एवढाच त्याचा अर्थ. त्याला निर्वाह भत्ता मिळत राहतो. तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावलं नाही तर निलंबन पुढे रेटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं आणि राज्य शासनाने 2019 मध्ये त्यावर शासन निर्णयही काढला. म्हणून निलंबनाची बातमी वाचून गाव शांत होतं आणि काही महिन्यांनी तोच माणूस शेजारच्या तालुक्यात रुजू झालेला दिसतो. तुम्ही विचारायचं ते हे: दोषारोपपत्र दिलं का, कोणकोणाला दिलं, आणि त्यात लिहिलंय काय?

बळी नेहमी खालचाच का जातो, यामागे दरवेळी कटच असतो असं नाही. औषध निर्माण अधिकारी वर्ग 3 चा. त्याच्यावरची कारवाई आरोग्य मंडळाच्या (काही जिल्हे मिळून असलेल्या विभागाच्या) उपसंचालकांच्या पातळीवर होऊ शकते, म्हणजे तुमच्यासाठी अकोल्याला. वैद्यकीय अधीक्षक आणि जिल्हा शल्य चिकित्सक वर्ग 1 चे, त्यांची फाइल मंत्रालयात जाते. अकोल्याचं काम महिन्यात होतं, मुंबईचं वर्षात होईल याची खात्री नाही. वरून "कारवाई काय केली ते कळवा" असं पत्र आलं की जे हाताशी आहे ते केलं जातं.

दुसरं कारण दोषारोपाच्या मसुद्यात असतं, आणि माझ्या मते तेच जास्त घात करतं. चौकशी पथक येतं, भांडारात जातं आणि साठा मोजतं. नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा यात फरक दिसला की दोषारोप तयार: "साठा नोंदवही अद्ययावत ठेवली नाही." हा आरोप फक्त भांडार सांभाळणाऱ्यालाच चिकटतो. पण ते मशीन मागितलं कोणी, तंत्रज्ञाचं पद भरलेलं नसताना त्याला मंजुरी कोणी दिली, तांत्रिक निकष कोणी लिहिले आणि बसवलेलं नसताना "बसवलं" म्हणून बिल कोणी पास केलं, हे प्रश्न साठा मोजून कधीच निघत नाहीत. तुमच्या तक्रारीतच "साहित्य पडून आहे" एवढं असेल, तर तुम्हीच चौकशीला भांडाराचा रस्ता दाखवला.

जिल्हा नियोजनच्या खरेदीची चाल समजून घ्या. पैसा जिल्हा नियोजन समितीचा, समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते. खरेदी बहुधा जिल्हा शल्य चिकित्सकांचं कार्यालय करतं, जिल्ह्यातल्या सगळ्या ग्रामीण रुग्णालयांसाठी एकदम. तुमच्या रुग्णालयात फक्त खोकं येतं. म्हणजे मूळ नस्ती, म्हणजे खरेदीची फाइल, तुमच्या तालुक्यात नसतेच. प्राथमिक आरोग्य केंद्राची खरेदी असेल तर साखळी आणखी वेगळी: तिथे जिल्हा परिषद आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरसारख्या खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचाही पैसा आरोग्यावर खर्च होतो, त्याची नस्ती अजून तिसरीकडे. कोणत्या पैशातून घेतलं हे आधी नक्की करा. चुकीच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की अग्रेषणाच्या पत्रांतच हंगाम जातो.

आता कागद. खरेदीत गैरप्रकार सिद्ध होतो तो बहुतेक वेळा दोन कागदांच्या तारखांतून. एका प्रकरणात माझ्यासमोर आलेलं प्रमाणपत्र असं होतं: "उपरोक्त यंत्र स्थापित करून कार्यान्वित केले, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले." तारीख मार्च अखेरची. त्याच यंत्राचं चलन, म्हणजे माल पोचल्याचा कागद, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातला. माल यायच्या आधीच यंत्र सुरू झालेलं! प्रमाणपत्रावर ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याची सही, त्या नेमक्या त्याच दिवशी रजेवर होत्या, हजेरीपट तसं सांगत होता. यंत्राला लागणाऱ्या पंधरा अँपियरच्या प्लगची मागणी बांधकाम विभागाकडे गेली ती तर त्याच्याही नंतर. विचारलं तेव्हा भांडारवाल्याचं उत्तर वऱ्हाडीत होतं: "सायेब म्हणे निधी लॅप्स होते, तू सही मार. म्या मारली." या एका वाक्यात तो स्वतः अडकत होता आणि साहेबही अडकत होते, पण साहेबांविरुद्ध ते वाक्य टिकवायला पुढच्या सह्या हाती लागल्या तेव्हाच बळ आलं.

पुढची सही म्हणजे आहरण व संवितरण अधिकाऱ्याची, म्हणजे कोषागारातून पैसा काढून खर्च करायचा अधिकार ज्यांच्याकडे असतो त्यांची. कोषागारात जाणाऱ्या बिलासोबत प्रमाणित करावं लागतं की साहित्य मागणीप्रमाणे व चांगल्या स्थितीत मिळालं आणि साठा नोंदवहीच्या अमुक पानावर त्याची नोंद घेतली. ही सही ज्यांची, त्यांनी खातरजमा करूनच ती करायची असते. "खालून आलं म्हणून केली" हा बचाव मी अनेकदा ऐकला आहे. मुंबई वित्तीय नियम, 1959 मध्ये त्याला थारा नाही. सरकारी पैसा खर्च करणाऱ्याने स्वतःचा पैसा खर्च करताना घेईल तेवढी काळजी घ्यावी, हे त्या नियमांचं मूळ सूत्र आहे.

म्हणून माहिती अधिकारात मागायचं ते असं. मागणीपत्र आणि प्रशासकीय मान्यता. तांत्रिक निकष ठरवणाऱ्या समितीचं इतिवृत्त. निविदा किंवा जेमवरील (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारावरील) करार आणि तुलनात्मक तक्ता. पुरवठा आदेश, चलन, स्थापना अहवाल. प्रमाणपत्रासह बिल आणि कोषागाराचा प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक. जडवस्तू नोंदवहीचं (डेड स्टॉक रजिस्टरचं) पान. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द ही मर्यादा आहे, तेव्हा अर्ज दोन-तीन करा. त्यातही माझा आग्रह आधी नस्तीची पाहणी मागण्याचा. झेरॉक्समध्ये टिपणीची पानं हळूच गाळता येतात, समोर बसून नस्ती चाळली की पान क्रमांक तुटलेले दिसतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, मग माहिती आयोग. तुमच्या विभागाचं खंडपीठ अमरावतीला आहे.

"नस्ती गहाळ आहे" असं लेखी उत्तर आलं तर निराश होऊ नका, उलट ते पत्र जपून ठेवा. सार्वजनिक अभिलेख गहाळ करणं, नष्ट करणं हा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 खाली गुन्हा आहे, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शिवाय कागद एकाच जागी नसतो. मान्यतेची प्रत जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे असते. बिलाचे प्रमाणक कोषागारातून नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात जातात. पुरवठादाराचा करार जेमवरून झाला असेल तर तो तिथेही नोंदलेला असतो. सगळीकडून एकाच वेळी काही गहाळ होत नाही.

किंमत हा मुद्दा लोकांना सगळ्यात आवडतो: बाहेर दोन लाखांत मिळतं, यांनी सहा लाखांत घेतलं. खरं असेलही. पण चौकशीत हा मुद्दा पहिल्यांदा ढासळतो. पुरवठादार सांगतो की आमच्या दरात पाच वर्षांची हमी आहे, रिएजंट आहेत, देखभाल आहे, मॉडेल वेगळं आहे. तेच मेक, तेच मॉडेल, त्याच सुमारास, तेवढ्याच हमीसह दुसऱ्या जिल्ह्याने कितीला घेतलं याचा पुरवठा आदेश तुमच्या हाती असेल तरच किंमतीवर बोला. नाहीतर खोटं प्रमाणपत्र, एकाच कंपनीला बसतील असे निकष आणि तुकडे पाडून केलेली खरेदी हे तीन मुद्दे धरा.

तुकडे पाडण्याचं तुमच्याकडे, त्या एकाच औषध दुकानाच्या बाबतीत, नक्की तपासा. एका मर्यादेवर गेलं की ई-निविदा काढावी लागते, म्हणून एकाच महिन्यात मर्यादेच्या जरा खालची चार-पाच बिलं केली जातात. ही मर्यादा शासन निर्णयांनी बदलत आली आहे. कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाची, पण त्यात नंतर सुधारणा झाल्या. खरेदीच्या तारखेला कोणता निर्णय लागू होता ते बघूनच आरोप करा, आजची मर्यादा जुन्या बिलाला लावू नका. मर्यादेखालच्या खरेदीत तीन दरपत्रकं मागवतात. ती तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. तीन वेगळ्या फर्मच्या लेटरहेडवर "टॅब्लेट" या शब्दाची एकच चूक आणि बेरजेतही तीच चूक, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते चौकशीच्या टेबलावर ठेवलं की फार बोलावं लागत नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो, काहींना पटणार नाही. स्थानिक खरेदी झाली म्हणजे गैरव्यवहार झाला असं समजू नका. राज्यात 2017 नंतर मोठी खरेदी हाफकिनच्या सरकारी औषध महामंडळाकडे गेली आणि पुरवठा इतका रखडला की खालच्या रुग्णालयांनी स्थानिक खरेदीवरच दिवस काढले. कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, डिसेंबर 2024 मध्ये विधिमंडळात आलेल्या अहवालातही त्या दिरंगाईवर बोट ठेवलं आहे. 2023 च्या कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं ते याच अनुभवातून. आपल्याकडे ऑगस्टमध्ये निंदणाच्या दिवसांत रात्री अकराला साप चावलेली बाई येते, सर्पदंशाची लस संपलेली असते, आणि डॉक्टर दुकान उघडायला लावून कुप्या आणतात. तिथे तीन दरपत्रकं शोधणारा लेखापरीक्षक निर्बुद्ध म्हणावा लागेल. अशा डॉक्टरला तुम्ही तक्रारीत ओढलं की पुढच्या वेळी ते "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी लिहून मोकळे होतील आणि मरण गरिबाचं होईल. तातडीची नोंद केसपेपरवर आहे का, कुप्या त्याच रुग्णाला लागल्या का, एवढं बघा. तशी नोंद असेल तर ते बिल बाजूला ठेवा.

औषधांच्या दर्जाची जबाबदारी मात्र किंमतीपेक्षा कितीतरी गंभीर आहे, आणि त्याचं उदाहरण आपल्याच विदर्भातलं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातलं प्रकरण डिसेंबर 2023 मध्ये उघडकीला आलं. अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या बनावट निघाल्या. लेबलवरची कंपनीच अस्तित्वात नव्हती. नागपूर ग्रामीण पोलिसांनी सप्टेंबर 2024 मध्ये सुमारे बाराशे पानांचं दोषारोपपत्र दाखल केलं. त्यानुसार टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या या गोळ्या हरिद्वारच्या एका जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत बनल्या आणि हातोहात पुरवठादार बदलत सरकारी रुग्णालयांत पोचल्या. निविदा एकाने घेतली, माल दुसऱ्याने दिला, तो तिसऱ्याकडून आणला. कागदावर सगळं सर्वात कमी दराचं आणि नियमात.

इथे सामान्य माणसाच्या हाती एक हत्यार आहे जे फारच कमी लोक वापरतात. औषधे व सौंदर्य प्रसाधने अधिनियम, 1940 च्या कलम 26 प्रमाणे कोणतीही व्यक्ती शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून औषध तपासून घेऊ शकते आणि सहीचा अहवाल मिळवू शकते. न फोडलेली पट्टी, बॅच क्रमांक दिसेल असा फोटो आणि रुग्णालयाने औषध दिल्याचा केसपेपर, एवढं जपा. खटल्यासाठी औषध निरीक्षकाने कलम 23 च्या पद्धतीने घेतलेला नमुनाच भक्कम असतो. पण तुमच्या हाती प्रतिकूल अहवाल असला तर निरीक्षकाला नमुना घ्यायला जावंच लागतं. आणि बनावट औषधाने मृत्यू झाला किंवा गंभीर इजा झाली तर किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. इथे प्रकरण "नोंदवही अद्ययावत नाही" यावर मिटत नाही.

दारं कोणती ठोठवायची? बहुतेक जण सरळ लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जातात. लाच मागितली असेल तर जरूर जा, 1064 वर फोन करा, सापळा लागतो. पण खरेदीचा निर्णय चुकीचा होता ही तक्रार असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 17अ आडवं येतं. लोकसेवकाने पदावरून घेतलेल्या निर्णयाची किंवा केलेल्या शिफारशीची पोलिसांना चौकशी करायला सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. कायद्यात त्यासाठी तीन महिने आणि वर एक महिना दिला आहे. प्रत्यक्षात किती जातात ते सांगायला नको. विभागीय चौकशीला मात्र अशी मान्यता लागत नाही. बनावट दरपत्रकं आणि खोटी चलनं देणाऱ्या पुरवठादारावर फसवणुकीचा साधा गुन्हा नोंदवायलाही लागत नाही. 1 जुलै 2024 च्या आधीचं कृत्य असेल तर भारतीय दंड संहिता लागेल, नंतरचं असेल तर भारतीय न्याय संहिता.

पुरवठादाराला काळ्या यादीत टाकणं ही मागणी नक्की करा, पण ती कशी करतात यावरही लक्ष ठेवा. कारणे दाखवा नोटिशीत "तुम्हाला काळ्या यादीत का टाकू नये" असं स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर आदेश न्यायालयात टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 2014 मध्ये सांगून ठेवलं आहे, तरी नोटिसा अजून मोघम निघतात. काही वेळा त्या मुद्दाम मोघम काढतात की काय, अशी मला शंका येते.

विभागीय बाजूने तुमची तक्रार कोणाच्या टेबलावर जाते यापेक्षा ती काय मागते हे महत्त्वाचं. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 च्या नियम 12 प्रमाणे एकाच प्रकरणात गुंतलेल्या सगळ्यांची एकत्रित चौकशी लावता येते. हीच मागणी करा, नावं न लिहिता पदं लिहून: मागणी करणारे, निकष ठरवणारे, स्थापना प्रमाणित करणारे, बिलावर सही करणारे. एकत्रित चौकशीत खालचा माणूस वरच्याच्या समोर जबाब देतो. वेगवेगळ्या चौकश्या लागल्या तर खालच्याची वर्षात संपते आणि वरच्याची तो निवृत्त होईपर्यंत सुरूच होत नाही.

निवृत्तीचं हे घड्याळ फार जपा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तीवेतन) नियम, 1982 च्या नियम 27 प्रमाणे निवृत्त झालेल्यावर नव्याने विभागीय चौकशी लावायला शासनाची मंजुरी लागते, आणि चौकशी सुरू होण्याच्या आधीच्या चार वर्षांतलीच घटना तिच्यात घेता येते. तुमचं मशीन येऊन दोन वर्षं झाली, म्हणजे अर्धा वेळ गेला. संबंधित अधिकारी केव्हा निवृत्त होतात हे शोधून तक्रारीत ती तारीखच लिहून टाका. उत्तर लवकर येतं, हा अनुभव आहे.

एक सावधगिरी: खाली सही करणारा मोकळा सुटावा असं मी म्हणत नाही, पण सगळा भार त्याच्यावर टाकण्याची सवय किती खोल आहे ते भंडाऱ्याने दाखवलं. 9 जानेवारी 2021 ला तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बाळं गेली. अग्निसुरक्षेचा प्रस्ताव वर प्रलंबित असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. जिल्हा शल्य चिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांच्या सेवा संपवल्या आणि पोलिसांनी पुढे गुन्हा नोंदवला तो दोन परिचारिकांवर. जी वस्तू घ्यायला हवी होती ती न घेणं हाही कोणाचा तरी निर्णय असतो, पण त्या निर्णयावर सही नसते म्हणून तो कोणाच्या दोषारोपपत्रात येत नाही. तुमच्या समितीच्या इतिवृत्तात अशा मागण्या तारखेसह लिहून ठेवायला लागा. निनावी अर्ज बहुधा दप्तरी दाखल होतो, म्हणजे कारवाईविना बंद होतो, पण समितीचा सह्यांचा ठराव सहज दाबता येत नाही. तालुक्याच्या आमदारांना तो द्या, नागपूर अधिवेशनात प्रश्न लागला तर खात्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं.

आणि तो निलंबित औषध निर्माण अधिकारी. गावात त्याला आज कोणी विचारत नसेल, पण तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मोठा साक्षीदार तोच आहे. जागल्यांच्या, म्हणजे आतून गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा 2014 चा केंद्रीय कायदा अजून अंमलात आलेला नाही, त्यामुळे तो घाबरणार. त्याला भेटा आणि सांगा की दोषारोपपत्राला उत्तर देताना "माझी चूक झाली, दया करावी" असं लिहू नकोस. सही कोणत्या तारखेला, कोणाच्या सांगण्यावरून केली, खोकं तेव्हा कुठे होतं, हे मुद्देसूद लिही. शिस्त व अपील नियमांच्या नियम 8 प्रमाणे बचावासाठी लागणारी कागदपत्रं मागण्याचा त्याला हक्क आहे, आणि तुम्हाला महिनोन् महिने न मिळालेलं बिलाचं प्रमाणपत्र त्याच्या एका अर्जावर चौकशी अधिकाऱ्याला मागवावं लागतं. दोषारोपपत्र बजावल्यावर उत्तराला दिवस थोडेच मिळतात, तेव्हा त्याची भेट पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.